आधी गोष्ट, मग हजेरी
(अभ्यासलेख : पाड्यावरच्या वर्गातील शिस्त आणि शिकवणे)





पाड्यांवर संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना विचारा, कसे चालले आहे? दहापैकी आठ जण एकच सांगतील : "मुलं ऐकतच नाहीत." काही जण पुढे म्हणतात, "आधी शिस्त लागली पाहिजे, मग शिकवता येईल." हे बोलणे खोटे नाही. पंचवीस-तीस मुले, पहिलीपासून सहावीपर्यंतची, एकाच ओट्यावर, एकाच दिव्याखाली बसली की गोंगाट होणारच. दिवसभर काम करून थकलेला कार्यकर्ता अशा वेळी छडीकडे पाहतो, किंवा दाराकडे.

ह्या लेखात आपण त्या वाक्याचा क्रम उलटा करून पाहणार आहोत. शिस्त ही शिकवण्याच्या आधी भरायची फी नसून चांगल्या शिकवण्याला येणारे फळ आहे. हा विचार माझा नाही. आपल्याच भागात, डहाणू तालुक्यात, दोन स्त्रियांनी आयुष्यभर काम करून तो उभा केला. प्रथम त्यांच्याकडून आपण काय शिकू शकतो ते पाहू. त्यानंतर एका वारली पाड्यावरच्या अभ्यासवर्गात आम्ही वर्षभर काय करून पाहिले, त्याचा अनुभव मांडते. शेवटी मंडळीतील गटांसाठी काही प्रश्न दिले आहेत.

१. एका शिक्षकाचा पहिला आणि दुसरा दिवस

गुजरातमधील भावनगर येथे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) नावाचे शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. ते मूळचे वकील. वकिली सोडून ते ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. ‘दिवास्वप्न’ हे त्यांचे छोटेसे पुस्तक शिक्षकांमध्ये आजही वाचले जाते. ते कथेच्या रूपात आहे. लक्ष्मीराम नावाचा एक शिक्षक अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन चौथीच्या वर्गावर वर्षभर नवे प्रयोग करतो आणि त्याची हकिकत स्वतःच सांगतो.

पहिल्या दिवशी तो मोठी तयारी करून जातो. मनात सारा आराखडा पक्का असतो. खिडक्या-दारे लावून मुलांना तो शांततेचा खेळ खेळायला सांगतो. मुले त्या शांततेतच नाना आवाज काढतात, हशा पिकतो, आणि शेवटी त्याला मुलांना घरी सोडावे लागते. दुसऱ्या दिवशी तो आराखडा बाजूला ठेवतो आणि गोष्ट सांगायला बसतो. तीच मुले, तीच खोली, तोच शिक्षक. पण मुले जवळ सरकतात, गप्प होतात. गोष्ट रंगात आली की तो थांबतो आणि म्हणतो, आता हजेरी घेऊ. हजेरी पटकन होते, कारण मुलांना पुढे काय झाले ते हवे असते.

ह्या एका प्रसंगात वर्ग सांभाळण्याचे अर्धे शास्त्र आले. लक्ष्मीराम दुसऱ्या दिवशी अधिक कडक झाला नाही, अधिक सैलही झाला नाही. त्याने फक्त क्रम बदलला. मुलांना हवे असलेले काम आधी आणि वर्गाला हवी असलेली व्यवस्था त्या कामाच्या पोटात. पुढे वर्षभरात तो वर्गाचे वाचनालय उभारतो, खेळ आणतो, स्वच्छतेची सवय लावतो. पण ह्या साऱ्याचे दार गोष्टीने उघडलेले असते.

२. शाळा अंगणात आणि कुरणात

गिजुभाईंच्या सोबत भावनगरला काम करणाऱ्या तारा मोडक (१८९२–१९७३) ह्यांना आपण तारा-बाई म्हणून ओळखतो. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला, त्यात दोघांचा वाटा होता. पुढे १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार काढले. तेथील मुले बहुतेक सुशिक्षित घरांतली. परंतु हे शिक्षण खेड्यातल्या गरीब मुलापर्यंत कसे जाईल, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ (१९१०–१९९२) होत्या. बालपणीच लग्न आणि बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई जिद्दीने शिकून शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुले तिथपर्यंत येईनात. अशा वेळी आपण काय म्हणतो? पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणतो. तारा-बाई आणि अनुताई मात्र स्वतःच वस्तीत गेल्या. एखाद्या घराच्या अंगणात मुलांना जमवले, त्यांना स्वच्छ केले, केस विंचरले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द इथूनच आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत. त्या शब्दामागे बोर्डीचे एक अंगण आहे, हे आपल्या मंडळ्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.

माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग होती. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती हीच साधने केली. मूल जे रोज हाताळते त्यातूनच मोजणे, लावणे, ओळखणे सुरू झाले.

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले आणि मुख्यतः वारली मुलांमध्ये होऊ लागले. तेथे नव्या अडचणी आल्या. मोठी बहीण शाळेत यायची ती कडेवर धाकट्याला घेऊन. नाहीतर घरीच राहायची. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ह्या रचनेला विकासवाडी म्हणत. मुले गुरे राखायला जायची. मग शिक्षक साहित्य घेऊन कुरणात गेले. ती झाली कुरणशाळा. गुरे चरत असत आणि झाडाखाली वर्ग चालत असे.

प्रत्येक वेळी प्रश्न तोच होता, मूल येत नाही, मूल बसत नाही. आणि प्रत्येक वेळी ह्या दोघींनी मुलामध्ये खोट शोधण्याआधी शाळेची जागा, वेळ, साधने आणि भाषा तपासली. ह्या कार्यासाठी तारा-बाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्यांचा खरा वारसा हा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे.

३. आमच्या वर्गात करून पाहिलेल्या सहा गोष्टी

हा विचार मनात धरून आम्ही दोघी जणींनी एका पाड्यावरच्या संध्याकाळच्या वर्गात गेल्या वर्षी जूनपासून काही बदल करून पाहिले. यातले काहीही खर्चिक नाही. एकेक बदल निदान महिनाभर टिकवून मगच पुढचा घेतला, कारण सारे एकदम बदलले तर नेमके कशाने काय झाले ते कळत नाही.

पहिली गोष्ट : वर्गाची सुरुवात गोष्टीने. पूर्वी मुले येत तशी बसत, उशिरा येणाऱ्यांमुळे पहिली पंधरा मिनिटे जात. आता ठरल्या वेळी गोष्ट सुरू होते, मग सहाच मुले असली तरी चालेल. कधी कोल्हा-कावळ्याची, कधी पाड्यावरच्या एखाद्या आजीने सांगितलेली. मध्यावर थांबून हजेरी, पाटी-पेन्सिलींचे वाटप आणि गटांची जागा. मग गोष्टीचा शेवट. दुसऱ्याच आठवड्यात उशिरा येणारी मुले धावत येऊन विचारू लागली, "ताई, किती झाली?" त्यांना कोणी दटावले नव्हते. उशिरा येण्यात आता त्यांचे काहीतरी बुडत होते.

दुसरी गोष्ट : बोलीचा फळा. वारली बोली आणि पुस्तकातली मराठी ह्यांत नाते आहे तसे अंतरही आहे. पहिलीतल्या मुलाला ते अंतर फार मोठे असते. शाळेत गप्प बसणारे मूल घरी दिवसभर बोलत असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आम्ही फळ्याचे दोन भाग केले. सूप, कोयता, इरले, टोपली अशी एखादी वस्तू मध्ये ठेवायची आणि विचारायचे, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" मुले सांगतील तो शब्द डावीकडे देवनागरीत लिहायचा, पुस्तकातला शब्द उजवीकडे. ह्यात मुले शिक्षक झाली आणि मी विद्यार्थी. माझा उच्चार चुकला की सगळा वर्ग हसतो आणि चारदा म्हणून घेतो. पण त्या हसण्यातून वर्ग बोलू लागला. आपल्या तोंडचा शब्द फळ्यावर खडूने लिहिलेला पाहणे ही त्या मुलांसाठी लहान गोष्ट नाही.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण हा आपल्या राज्यघटनेतलाही विचार आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांसाठी अशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ३५०-अ हे कलम सांगते. ते १९५६ मध्ये घटनेत घातले गेले. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्येही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. संध्याकाळच्या वर्गाला तर कोणाच्या परवानगीचीही गरज नाही.

तिसरी गोष्ट : इयत्तेप्रमाणे नव्हे, पायरीप्रमाणे गट. ‘प्रथम’ ही संस्था आणि ‘असर’चे सर्वेक्षण करणारे कार्यकर्ते वाचन तपासण्यासाठी चार साध्या पायऱ्या वापरतात : अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. एका मुलाला तपासायला पाच मिनिटेही पुरतात. आम्ही प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन असे तपासले आणि इयत्ता विसरून चार गट केले. आठवड्यातले तीन दिवस रोज पाऊण तास मुले ह्या गटात बसतात, बाकी वेळ सर्व एकत्र.

ह्या पद्धतीला चांगला आधार आहे. मुंबई आणि वडोदरा येथे ‘प्रथम’च्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या पायरीवरून शिकवले तर ती पुढे सरकतात, असे त्यात दिसले. बॅनर्जी आणि डुफ्लो ह्यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर ह्यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण मला ह्या तपासणीतून दुसरीच गोष्ट उमगली. आमच्या वर्गात एक पाचवीतला मुलगा होता. सगळ्यात जास्त खोड्या त्याच्याच. कुणाची पेन्सिल लपव, कुणाला चिमटा काढ, वाचनाच्या वेळी नेमका पाणी प्यायला उठ. तपासणीत तो दुसऱ्या पायरीवर अडखळला. साधे शब्दही त्याला जुळवता येत नव्हते. तीन-चार वर्षे तो वाचता न येणे खोड्यांमागे लपवत आला होता. वाचायची पाळी येण्याआधी वर्गाबाहेर काढले जाणे त्याला सोयीचे होते. अशा मुलाला शिक्षा केली तर त्याला हवे तेच आपण देतो, आणि त्याचे न वाचता येणे आणखी एक वर्ष सुरक्षित राहते.

लहान मुलांच्या गटात बसायची त्याला लाज वाटू नये म्हणून त्या गटाच्या शब्दपट्ट्यांची पेटी त्याच्याकडे सोपवली. पट्ट्या वाटायच्या, मोजून परत घ्यायच्या. वाटायच्या म्हणजे ओळखाव्या लागणारच. होळीपर्यंत तो परिच्छेद वाचू लागला. खोड्या पूर्ण थांबल्या असे मी म्हणणार नाही. पण वाचनाच्या वेळी तो आता पाणी प्यायला उठत नाही.

चौथी गोष्ट : हातात वस्तू. गणितासाठी चिंचोके, काड्या आणि रबराच्या चकत्या एवढेच साहित्य. दहा काड्यांचा एक जुडगा, दहा जुडग्यांचा एक भारा. भाताच्या रोपांच्या जुड्या बांधणाऱ्या घरातल्या मुलाला ‘दशक’ हा शब्द परका असतो, जुडी परकी नसते. हातच्याची वजाबाकी करताना जुडगा सोडावा लागतो, हे एकदा हाताने केले की फळ्यावरचा ‘हातचा’ समजतो. आणि ज्या मुलाचे दोन्ही हात कामात आहेत ते शेजाऱ्याला चिमटा काढत नाही.

ख्रिस्ती वाचकांना ह्यात नवल वाटू नये. आपल्या गुरूची शिकवण्याची रीत आठवा. पेरणारा, खमीर, जाळे, दिवा, हरवलेले मेंढरू : ऐकणाऱ्यांच्या हातात रोज जे होते तेथूनच त्याने सुरुवात केली, आणि त्यांना झेपेल तितके सांगितले. दृष्टांत हा केवळ उपदेशाचा नमुना नाही, शिकवण्याचाही आहे.

पाचवी गोष्ट : थांबणे आणि जोडी. प्रश्न विचारला की शिक्षक किती वेळ थांबतो? अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो ह्यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणे तपासली. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत आणि मग स्वतः उत्तर देत किंवा दुसऱ्या मुलाकडे वळत. तीन सेकंद किंवा थोडे अधिक थांबले तर उत्तरे लांब येत आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलत. आता विचार करा, आमच्या मुलांना प्रश्न पुस्तकी मराठीत ऐकायचा, मनात आपल्या बोलीत आणायचा, उत्तर शोधायचे आणि पुन्हा मराठीत सांगायचे. त्यांना एक सेकंद पुरेल काय?

आम्ही एक साधी रीत घातली. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजायचे. मग मुलांनी शेजारच्याशी हव्या त्या भाषेत बोलायचे. त्यानंतरच हात वर. एकट्याला उभे करून विचारणे जवळजवळ बंद केले. चारचौघांत एकट्याने पुढे होणे ह्या मुलांना संकोचाचे वाटते, पण जोडीतला साथीदार असला की ती धीट होतात. वर्गातला आवाज ह्यामुळे वाढला, हे खरे. पण हा आवाज कामाचा आहे. गोंगाट आणि गुणगुण ह्यांतला फरक कान लवकर शिकतो.

सहावी गोष्ट : मुलांनीच ठरवलेले तीन नियम. "आपला वर्ग चांगला चालायला काय हवं?" असे विचारले. अकरा सूचना आल्या. चर्चा करून तीन ठेवल्या : एक जण बोलताना बाकीच्यांनी ऐकायचे, वस्तू घेतली तर जागेवर ठेवायची, कोणी कोणाला मारायचे नाही. तिसऱ्या नियमावर एका लहान मुलीने विचारले, "ताईंनी पण?" मी म्हटले, "ताईंनी पण." तेव्हा तो नियम सर्वांच्या सह्या आणि अंगठ्यांसह भिंतीवर लागला.

मुलांना मारणे कायद्यानेही बंद आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. आपला अभ्यासवर्ग ही शाळा नव्हे, अशी पळवाट आपण काढू नये. शहरातले मूल मार खाऊनही दुसऱ्या दिवशी शाळेत येते, कारण घरचे पाठवतात. पाड्यावरच्या पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला परत न येण्याची वाट नेहमीच मोकळी असते. जंगल जवळ आहे, गुरे आहेत, धाकटी भावंडे आहेत. एका छडीने वर्ग दहा मिनिटे शांत होतो आणि एक मूल कायमचे जाऊ शकते.

लक्ष वेधायला आम्ही ओरडत नाही. टाळीचा एक ठेका मी देते, मुले तोच परत देतात, तिसऱ्या वेळी शांतता. ही जबाबदारी आता आठवड्याला एका मुलाकडे असते.

४. जे अजून सुटलेले नाही

यशाचीच यादी दिली तर हा अभ्यास अपुरा राहील.

भातकापणी आणि दिवाळी आटोपली की पाड्यावरची कित्येक कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलेही सोबत जातात. जूनमध्ये अक्षरांवर असलेले मूल दिवाळीपर्यंत शब्दांवर येते आणि मग सहा महिने नाहीसे होते. गोष्ट, फळा, काड्या ह्यांतले काहीही त्या सहा महिन्यांना पुरे पडत नाही. जाणाऱ्या मुलांना आम्ही शब्दपट्ट्यांची एक पिशवी आणि दोन गोष्टींची पुस्तके दिली. काहींनी ती जपून परत आणली, काहींची तिकडेच राहिली. भट्टीजवळच्या शाळेत मुलाचे नाव लागावे म्हणून पालकांबरोबर जाणे, हे काम वर्गात बसून होत नाही. त्यासाठी त्या भागातील मंडळ्यांचे हात लागतील.

दुसरी अडचण मुलींची. चौथी-पाचवीतली मुलगी संध्याकाळी पाणी भरते, भाऊ सांभाळते. कोसबाडच्या पाळणाघराची आठवण ठेवून आम्ही वर्गाच्या कोपऱ्यात साडीची झोळी बांधली आणि पाड्यावरच्या एका आजींना बसण्याची विनंती केली. तीन मुली नियमित झाल्या. पण भातलावणीच्या दिवसांत आजीही शेतावर असतात, आणि झोळी रिकामी राहते.

तिसरी गोष्ट आपल्या मनातली आहे, म्हणून अवघड आहे. पायरीप्रमाणे गट केले की पालक विचारतात, "माझा मुलगा पाचवीत, मग पहिलीच्या पोरांत का?" हा प्रश्न अपमानातून येतो आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर वर्गात नव्हे, त्यांच्या ओट्यावर बसून, मुलाची शब्दपट्टी हातात घेऊन द्यावे लागते. दर महिन्याला ही भेट आम्ही ठरवून टाकली आहे. ज्या घरी भेट होते तेथील मूल सहसा गट सोडत नाही.

५. भेटीला येणाऱ्या मंडळींसाठी

आपल्यापैकी पुष्कळ जण वर्षातून एकदा पाड्यावरचे वर्ग आणि वसतिगृहे पाहायला येतात. आपल्या भेटीने कार्यकर्त्यांना उभारी मिळते. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपण जे पाहून आनंदतो, तेच वर्गात वाढीस लागते. रांगेत उभी मुले, एका सुरात म्हटलेले गाणे, पाठ केलेली इंग्रजी वाक्ये पाहून आपण टाळ्या वाजवल्या, तर पुढच्या भेटीच्या आधी आठवडाभर वाचन बाजूला पडते आणि तालीम सुरू होते. मग खोडकर मुलाला मागच्या रांगेत, किंवा त्या दिवशी घरीच, ठेवण्याचा मोह कार्यकर्त्याला होतो. ज्याच्यासाठी वर्ग काढला तोच पाहुण्यांच्या नजरेआड जातो.

म्हणून यापुढे भेट द्याल तेव्हा असे करून पाहा. मुलांच्या बरोबर जमिनीवर बसा. एखाद्या मुलाला विचारा, "तू काय करतोयस, मला शिकवशील?" त्याच्या बोलीतले चार शब्द त्याच्याकडून शिका. मागच्या वर्षी कोणत्या पायरीवर किती मुले होती आणि आज किती आहेत, हे कार्यकर्त्याला विचारा. कोणती मुले यायची थांबली आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आले, हेही विचारा. वर्गात गुणगुण ऐकू आली तर नाराज होऊ नका. आणि खाऊ आणण्याऐवजी गोष्टींची मोठ्या अक्षरांतली पुस्तके आणा. ती फाटेपर्यंत वाचली जातात.

६. मनन आणि चर्चेसाठी

महिला मंडळ, तरुण संघ किंवा संडे स्कूलच्या शिक्षकांच्या बैठकीत पुढील प्रश्न घेता येतील. एका बैठकीत दोनच प्रश्न घ्यावेत.

(१) आपल्या संडे स्कूलच्या वर्गात सर्वांत जास्त खोड्या करणारे मूल डोळ्यांसमोर आणा. त्याला वाचता येते का, हे आपण कधी तपासले आहे काय? खोडीआड ते काय लपवत असेल?

(२) लक्ष्मीरामने गोष्टीच्या मध्ये हजेरी घेतली. आपल्या वर्गात कोणते काम कशाच्या पोटात घालता येईल?

(३) तारा-बाई आणि अनुताईंनी जागा, वेळ, साधने आणि भाषा तपासली. आपल्या वर्गातून दूर राहणाऱ्या एका मुलासाठी ह्या चारांपैकी कोणती गोष्ट आड येते? ती कोण बदलू शकेल?

(४) पुढच्या रविवारी वर्गात प्रश्न विचारल्यावर मनात पाच मोजून पाहा. कोण बोलले, जे एरवी बोलत नाही? पुढच्या बैठकीत सांगा.

(५) आपली मंडळी वीटभट्ट्यांच्या जवळ असेल, तर दिवाळीनंतर तेथे येणाऱ्या मुलांची नावे जवळच्या शाळेत घालण्यासाठी आपल्यापैकी कोण सोबत जाईल? नाव आणि दिवस ह्याच बैठकीत ठरवा.

शेवटचा प्रश्न नुसत्या चर्चेचा नाही. जूनमध्ये आमच्याकडे परत येणारे मूल कोणत्या पायरीवर असेल, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.